टोपी बाजारातला प्रश्न

आमच्या घरी देवखोलीतल्या फडताळात एक मोडी पत्र आहे. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली. खापरपणज्याच्या कुणा भावाने ते उत्तरेतून घरी धाडले होते. शिंद्यांच्या चाकरीत तो हिशेबनिसाचे काम करीत असावा. लहानपणी या पत्राचे आम्हाला एवढेच ठाऊक, की 'आपलो एक पूर्वज ग्वाल्हेरीक आशिल्लो.' पुढे एका मोडी जाणकाराकडून ते वाचून घेतले तेव्हा दोन जागांची नावे हाती आली. एक लष्कर ग्वाल्हेर आणि दुसरे परगणे गोहद.

काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला आणि मी हे पत्र मनात धरूनच गेलो.

गोव्याच्या माणसाला ग्वाल्हेर तसे परके नाही. पेडण्यातल्या केरी गावचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांचे बक्षी होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असायला हवे. त्यांच्यामागोमाग कितीतरी शेणवी मंडळी शिंद्यांच्या दफ्तरात आणि फौजेत शिरली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली. ती छावणी पुन्हा उठलीच नाही. तंबूंची घरे झाली, बाजारबुणग्यांचे बाजार झाले आणि गावाचे नावच 'लष्कर' पडले. एका वस्तीचे नाव अजून कंपू आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, आणि तो शब्द पोर्तुगीज 'कांपु'शी नाते सांगतो असे म्हणतात. म्हणजे आपली भाषा तिथे आपल्याआधीच पोचलेली!

महाराज बाड्याजवळच्या टोपी बाजारात मी असाच हिंडत होतो. नाव वाचून हसू आले. जुन्या मराठी कागदांत टोपीकर म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज वगैरे दर्यावर्दी. पाय दुखले म्हणून एका दुकानाच्या फळीवर टेकलो. दुकानदार साठीचा, बोलका. मी गोहदची चौकशी केली. म्हटले, ग्वाल्हेर जिल्ह्याच्या नकाशात ते काही सापडत नाही.

"सापडेल कसे? ते भिंडमध्ये आहे," तो हिंदीत म्हणाला.

मी विचारले, "तुम्ही इथलेच?"

"नाही, आम्ही तंवरघारचे."

"तो कुठला जिल्हा?"

"जिल्हा मुरैना. पण आम्ही तंवरघारचे."

मग त्याने मला तोच प्रश्न टाकला. मी म्हणालो, गोवा. त्याने विचारले, गोव्यात कुठे? मी म्हणालो, फोंडा. हे उत्तर देताना माझे मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. काय चुकले ते मात्र तेव्हा कळले नाही.

तंवरघार म्हणजे तंवर किंवा तोमर राजपुतांचा मुलूख. शेजारी सिकरवारांची सिकरवारी, भदौरियांचे भदावर. हे मुलूख कुणा सरकारने आखलेले नव्हेत. एका कुळीची माणसे जिथवर पसरली तिथवर त्यांचे नाव पसरले. अकबराच्या काळात ग्वाल्हेर हे आग्रा सुभ्यातले एक सरकार होते, सरकाराखाली महाल होते. पुढे शिंदे आले आणि त्यांनी आपली भाषा या जमिनीवर अंथरली. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेर संस्थानाचे उत्तर ग्वाल्हेर आणि माळवा असे दोन प्रांत होते. पहिल्यात सात जिल्हे, दुसऱ्यात चार. जिल्ह्यावर 'सुभा' आणि परगण्यावर 'कमासदार', म्हणजे आपला कमाविसदारच. त्या सातांपैकी एका जिल्ह्याचे नाव तंवरघारच होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. तंवरघार सरकारी कागदावरून पुसले गेले; पण टोपी बाजारातल्या त्या माणसाच्या जिभेवर ते शाबूत आहे.

असे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. टोपीकरांच्या देशातही याला जोड आहे.

इंग्लंडात परगण्यासारखा एक फार जुना विभाग होता. त्याचे नाव 'हंड्रेड', म्हणजे चक्क 'शंभर'. एका कुटुंबाचा गुजारा चालेल एवढ्या जमिनीला ते 'हाइड' म्हणत. अशा शंभर हाइडांचा तो विभाग, अशी त्याची सर्वसाधारण उपपत्ती सांगतात. दहाव्या शतकातल्या कायद्यांत या विभागाच्या सभेचे नियम आढळतात. दर चार आठवड्यांनी सभा भरायची, तीही उघड्यावर. एखादी टेकडी, जुने झाड, उभा धोंडा, नदीचा उतार ही त्यांची कचेरी. म्हणून कित्येक हंड्रेडांना गावांची नव्हे, तर अशा झाडाधोंड्यांची नावे आहेत. उत्तरेत जिथे डेन लोकांचा अंमल होता तिथे याच विभागाला 'वॅपनटेक' म्हणत. सभेत संमती दाखवायला शस्त्र हाती धरायचे, त्यावरून हे नाव पडले. शेजारच्या वेल्समध्ये 'कांट्रेव' होता, त्याचा अर्थ शंभर वस्त्या.

१०८६ साली विल्यम राजाने देशभरच्या जमिनीची मोजदाद करवली, ती हंड्रेडवारच नोंदली गेली. त्यात कित्येक ठिकाणी शंभराचा आकडा जुळत नाही. नाव मात्र शंभरच. १२८५ च्या कायद्याने हंड्रेडवर एक जबाबदारी टाकली. आपल्या हद्दीत दरोडा पडला आणि दरोडेखोर पकडून दिला नाही, तर नुकसान साऱ्या हंड्रेडने भरून द्यायचे. दंगलीतल्या नुकसानीची अशीच जबाबदारी १८८६ पर्यंत टिकली. त्याआधीच हंड्रेडची न्यायसभा क्षीण झाली होती. १८९४ च्या कायद्याने नवे नागरी आणि ग्रामीण जिल्हे आले आणि हंड्रेडला काही काम उरले नाही.

पण गंमत अशी, की त्याला कायद्याने कुणी मूठमाती दिली नाही! ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदाला सरळ राजीनामा देता येत नाही. राजाच्या पगारी हुद्द्यावर नेमणूक झाली, की जागा आपोआप रिकामी होते. म्हणून १७५१ पासून सभागृह सोडू पाहणाऱ्याला 'चिल्टर्न हंड्रेड्स'चा कारभारी नेमण्याची वहिवाट पडली. बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक, डेस्बरो आणि बर्नहॅम या तीन हंड्रेडांचा हा कारभारी. काम नाही, पगार नाही, पण हुद्दा आजही जिवंत आहे.

हे वाचताना मला आपल्या गोव्याचा नकाशा दिसू लागला. शंभरावरून विभागाला नाव देणारे इंग्रज जगावेगळे नव्हेत. आपली तिसवाडी म्हणजे तीस वाड्या. सासष्टी म्हणजे सहासष्ट गाव. बारदेस म्हणजे बारा देश. सत्तरी सत्तर गावांची. अष्टागरात आठ. आपल्या पूर्वजांनी मुलूख मोजला तो नांदत्या गावांनी, मैलांनी नव्हे.

आणि उघड्यावरच्या सभेचे म्हणाल, तर १५२६ साली आफोंसु मेशियाने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, त्यात साऱ्या बेटाच्या प्रश्नांसाठी आठ प्रमुख गावांच्या गावकऱ्यांनी एकत्र बसण्याची रीत नोंदलेली आहे. भाताची पहिली कापणी करण्याचा मान ताळगावचा, हेसुद्धा त्यात आहे. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना इथे मोकळे रान मिळाले नाही. चालते घर मिळाले.

आपल्या आडनावांतही हाच परगणा दडलेला आहे. देसाई, सरदेसाई हे महाल-परगण्याचे वतनदार. नाडकर्णी म्हणजे नाडाचा, गावांच्या समूहाचा हिशेब ठेवणारा. वतने गेली, नाड गेले, आडनावे राहिली. आपलेही हे एक चिल्टर्न हंड्रेडच!

पण सगळेच असे टिकत नाही. नव्या काबिजादीत झांबावलीचा पंचमहाल होता. अष्टागर, हेमाडबार्से, बाळ्ळी, चंद्रवाडी आणि काकोडा. पुढे त्यांची वाटणी सांगे आणि केपे यांच्यात झाली. आज केप्याच्या कॉलेजातल्या मुलाला विचारा, तुझे गाव चंद्रवाडीत की बाळ्ळी महालात? तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. डिचोलीला कुणी भतग्राम म्हणत नाही. नव्या तालुक्यांना माझी हरकत नाही. माणसाची कामे जवळच्या कचेरीत झाली पाहिजेत. सांगे आणि फोंड्याचे भाग कापून धारबांदोडा केला, तो लोकांच्या सोयीसाठीच. कचेरी हलली म्हणून मात्र नाव का सोडून द्यावे?

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? माझ्यापुरते सांगतो.

ग्वाल्हेरहून परत आल्यावर ते मोडी पत्र मी पुन्हा फडताळातून काढले. गोहदचा पत्ता लागला होताच. आता पत्राची पाठ पाहिली. पूर्वी आमचे सगळे लक्ष ते कुठून आले याच्याकडेच असायचे. पाठीवर घराण्याचे नाव, गावाचे नाव आणि त्याखाली दोन शब्द होते, 'महाल अंत्रूज'.

तेव्हा टोपी बाजारातली माझी चूक उमगली. माझी आजी कधी 'फोंडा तालुको' म्हणाली नाही. "आमी अंत्रुजकार," असेच ती सांगायची. त्या दुकानदाराने आपला मुलूख सांगितला आणि मी त्याला कचेरीचा पत्ता दिला.

शेकडो मैलांवरून कुणी हिशेबनीस 'महाल अंत्रूज' एवढे लिहून पत्र सोडून देतो आणि ते बिनचूक घरी पोचते, कारण वाटेवरच्या माणसांना ते नाव ठाऊक होते. तेच पत्र आज टपालात टाकले तर?

तुमच्याही घरी असे कागद असतील. ते काढा, वाचून घ्या, आणि महालाचे नाव मुलांना एकदा मोठ्याने सांगा. पुन्हा टोपी बाजारात गेलो, तर त्या फळीवर बसून मला माझे उत्तर दुरुस्त करायचे आहे.