निळ्या सदऱ्याची गोष्ट

१९५० साली माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून १-२ असा हरला आणि खापर फुटलं पांढऱ्या सदऱ्यावर! मग स्पर्धा घेऊन पिवळा सदरा निवडला. पण १९५८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनही पिवळाच. चिठ्ठ्या टाकल्या, पिवळा स्वीडनला गेला. आता पुन्हा अपशकुनी पांढरा? खेळाडूंचे चेहरे उतरले. संघप्रमुख पाउलो माशादो द कार्व्हाल्यो यांनी स्टॉकहोममधून निळे सदरे आणवले. पिवळ्या सदऱ्यांवरची बोधचिन्हं उसवून त्यांवर शिवली गेली. ते खेळाडूंना म्हणाले, निळा तर आपल्या आपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग! २९ जूनला ब्राझील ५-२ असा जिंकला. सदरा बाजारातलाच होता. धीर मात्र माणसानं माणसाला दिलेला.