परसदारातील हौशी रेडिओ मनोरा

परसदारातील हौशी रेडिओ मनोरा म्हणजे हौशी रेडिओ परवानाधारकाने आपल्या घराच्या आवारात अँटेना उंचावर धरून ठेवण्यासाठी उभारलेली, बहुधा जस्तलेपित पोलादी जाळीची रचना होय. अशा मनोऱ्यांची उंची साधारणतः १० ते ३० मीटर असते. मनोऱ्याच्या माथ्यावर फिरती यागी अँटेना बसवितात किंवा त्यावरून तारेच्या अँटेना ताणतात. रचना लहान असली तरी तिच्या नियोजनात वाऱ्याचा भार, मातीचा प्रकार, विजेपासून संरक्षण आणि शासकीय परवानग्या या सर्वांचा विचार करावा लागतो. त्यात चूक झाल्यास जीवितहानीचा धोका असतो.

उंचीचे प्रयोजन

लघुलहरींवरील दूरच्या संपर्कासाठी रेडिओलहरी क्षितिजाजवळच्या लहान कोनातून बाहेर पडणे इष्ट असते. आडव्या अँटेनाच्या बाबतीत हा कोन जमिनीपासूनच्या उंचीवर अवलंबून असतो. अँटेना पाव तरंगलांबी उंचीवर असल्यास बरीचशी ऊर्जा थेट आकाशाकडे जाते. अर्ध्या तरंगलांबीवर मुख्य झोत सुमारे ३० अंशांवर, तर एका पूर्ण तरंगलांबीवर सुमारे १४ अंशांवर येतो. १४ मेगाहर्ट्झ पट्ट्यात तरंगलांबी सुमारे २१ मीटर असल्याने या पट्ट्यासाठी २० मीटरांच्या आसपासचा मनोरा उपयुक्त ठरतो. ७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात तोच परिणाम साधण्यासाठी दुप्पट उंची लागते.

माथ्यावर सर्वाधिक आढळणारी यागी-उदा अँटेना १९२६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांच्या कार्यातून पुढे आली.

प्रकार

ताण दिलेला मनोरा: हा सडपातळ व तुलनेने स्वस्त असतो. त्याला तीन दिशांनी, १२० अंशांच्या अंतराने, पोलादी तारांचे ताण दिलेले असतात. ताणांचे खुंट मनोऱ्याच्या उंचीच्या सुमारे ८० टक्के अंतरावर ठेवण्याची पद्धत आहे. २० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी हे अंतर १६ मीटर, तर दोन खुंटांमधील अंतर जवळपास २८ मीटर भरते. त्यामुळे मोठे परसदार असल्यासच हा प्रकार शक्य होतो.

स्वयंआधारित मनोरा: याला ताण लागत नाहीत, परंतु सर्व भार पायाने पेलावा लागत असल्याने काँक्रीटचे प्रमाण बरेच वाढते.

सरकता मनोरा: याचे भाग एकमेकांत सरकतात आणि वादळापूर्वी मनोरा खाली घेता येतो. उंचावलेल्या स्थितीत त्यावर चढणे अत्यंत धोकादायक मानले जाते. दोर तुटल्यास आत घसरणारे भाग चढणाऱ्याचे हातपाय छाटू शकतात.

जागेची निवड

जागा ठरविताना वीजवाहक तारांपासूनचे अंतर प्रथम पाहिले जाते. मनोरा किंवा अँटेना कोणत्याही दिशेला पूर्ण लांबीने कोसळली, तरी ती वीजतारेपासून किमान ३ मीटर दूर राहावी, असा संकेत आहे. वीजतारेला स्पर्श होणे हे अँटेना उभारताना होणाऱ्या मृत्यूंचे प्रमुख कारण आहे. त्यामुळे या अटीत न बसणारी जागा, इतर दृष्टींनी कितीही सोयीची असली, तरी सोडून द्यावी लागते.

वाऱ्याचा भार

मनोऱ्याची खरी कसोटी अँटेनाच्या वजनापेक्षा वाऱ्याच्या दाबाने लागते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, तर मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद धरतात. वेगांतील फरक सुमारे १३ टक्के असला, तरी दाब सुमारे ९१३ वरून १,१६२ न्यूटन प्रति चौरस मीटरवर, म्हणजे २७ टक्क्यांनी वाढतो. साहजिकच पुण्यात सुरक्षित ठरलेला आराखडा मुंबईत जसाच्या तसा वापरता येत नाही. स्वयंआधारित मनोऱ्याच्या माथ्यावरील त्याच अँटेनाची उंची दुप्पट केल्यास तिच्यामुळे पायावर येणारे आघूर्णही दुप्पट होते.

पाया

खड्ड्याचे माप निर्मात्याच्या आराखड्यावरून व मातीच्या भारक्षमतेवरून ठरते. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तेथे पाया तिच्याखालील मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे श्रेयस्कर असते. मनोऱ्याचे पोकळ पाय काँक्रीटमध्ये बसवीत असल्यास त्यांच्या तळाशी खडीचा थर ठेवतात, जेणेकरून आत साचणारे पाणी झिरपून जाईल. अन्यथा पाय आतून गंजतात आणि बाहेरून ते दिसत नाही. काँक्रीटला अपेक्षित ताकद २८ दिवसांत येते. तोवर त्यावर पाणी मारून उभारणी थांबवणे योग्य ठरते.

उभारणी

जाळीचे भाग बहुधा ३ मीटर लांबीचे असतात. आधी बसविलेल्या भागाला कप्पी लावलेला उचलखांब बांधून पुढचा भाग दोराने वर घेतात. जमिनीवरील माणसे दोर ओढतात. वर पट्टे बांधून उभा असलेला चढणारा केवळ भाग जुळवून बोल्ट आवळतो. संपूर्ण शरीराचा हार्नेस वापरणे आणि चढताना किमान एक पट्टा सतत मनोऱ्याला अडकलेला ठेवणे हे मूलभूत नियम आहेत. कायमचे ताण बसेपर्यंत तात्पुरते ताण देतात.

ओळंबा साधल्यावर प्रत्येक ताण तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या सुमारे १० टक्क्यांवर आणला जातो. सुमारे ४.८ मिलिमीटर जाडीच्या उच्चबलाच्या पोलादी तारेसाठी हा ताण १८० किलोग्रॅमभाराच्या आसपास येतो. टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून त्यातून सुरक्षातार ओवतात.

अर्थिंग

मनोऱ्याच्या प्रत्येक पायाजवळ स्वतंत्र अर्थिंग सळ्या ठोकून त्या एकमेकींना व घराच्या मुख्य अर्थिंगला जोडतात. ही जोडणी नसल्यास वीज पडताना दोन अर्थिंगांमध्ये मोठा विभवांतर निर्माण होऊन प्रवाह घरातील उपकरणांतून वाहतो. केबल घरात शिरण्यापूर्वी तिच्यावर तडितरक्षक बसवितात.

परवानग्या

भारतात हौशी रेडिओ केंद्रासाठी दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो. विमानतळांच्या परिसरातील बांधकामांच्या उंचीवर २०१५ च्या नियमांनुसार मर्यादा आहेत. त्याशिवाय स्थानिक नियोजन प्राधिकरणाचे व गृहनिर्माण संस्थेचे नियम लागू होऊ शकतात. अमेरिकेत संघीय दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये दिलेल्या पीआरबी-१ या निर्णयानुसार स्थानिक प्रशासनांनी हौशी अँटेनांना वाजवी मुभा देणे अपेक्षित आहे.

देखभाल

ताणांची ओढ, बोल्ट, गंज व अर्थिंगच्या जोडण्या यांची वर्षातून किमान एकदा, भारतात शक्यतो पावसाळ्यापूर्वी, तपासणी केली जाते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे जस्ताचा लेप लवकर झिजत असल्याने ती अधिक वेळा करावी लागते. जुना मनोरा उतरविणे हे उभारणीपेक्षाही जोखमीचे काम असते, कारण गंजलेल्या पायांची उरलेली ताकद डोळ्यांनी कळत नाही. तात्पुरते ताण न बांधता जुने ताण सोडल्यास मनोरा चढणाऱ्यासह कोसळू शकतो. पायांच्या मजबुतीबद्दल शंका असल्यास त्यावर न चढता क्रेनच्या साहाय्याने तो उतरविला जातो.