यकृत कोणाला द्यायचे? 'लायकी'च्या प्रश्नाचा इतिहास

गेल्या महिन्यात आमच्या विहारात अवयवदानाचे शिबिर झाले. फॉर्म भरता भरता एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "ताई, उद्या माझे यकृत एखाद्या बेवड्याला बसवले तर? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. ज्याने दारू पिऊन स्वतःचे यकृत सडवले, त्याला आपले कशाला?" चार-पाच जणांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मी काहीतरी थातूरमातूर बोलले. राहिलेले उत्तर इथे देते.

त्याचा प्रश्न वेडगळ नाही. यकृताची वाट पाहणारे हजारो आहेत. भारतात मेंदूमृत दात्यांची वर्षाची संख्या २०२३ मध्ये पहिल्यांदा हजाराच्या वर गेली, ती १,०९९. देश १४० कोटींचा. म्हणजे कोणाला तरी मिळणार, कोणाला तरी नाही. पण निवड 'लायक कोण' या कसोटीवर करायची का? हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे, आणि त्याचे काय झाले हे आपण वाचायलाच हवे.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी एक नळी तयार केली. तिच्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेला माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगू शकेल, अशी सोय झाली. यंत्रे मोजकीच, रुग्ण पुष्कळ. मग सात जणांची समिती नेमली. त्यात वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन होते. नावे गुप्त. डॉक्टरांच्या चाळणीतून आलेल्यांपैकी कोण जगणार, हे ही समिती ठरवी. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी त्यावर लेख लिहिला आणि देश हादरला. समिती काय पाहत होती? लग्न झाले आहे का, मुले किती, शिक्षण काय, कमाई किती, चर्चला जातो का. म्हणजे आपल्यासारखाच सभ्य, नोकरदार, कुटुंबवत्सल माणूस 'लायक'. सात माणसे आरशात पाहून निवड करत होती.

हे वाचताना मला कुठलीतरी मुलाखत समिती आठवते. तुम्हालाही आठवत असेल. 'मेरिट' म्हणतात ते बहुतेक वेळा मोजणाऱ्याच्या घरचेच माप असते.

ती समिती संपली कशी? १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जवळजवळ सर्वांच्याच डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेतला. टंचाई पैशाची होती. पैसा दिल्यावर लायकीचा प्रश्न कोणी विचारला नाही.

यकृताचे तसे नाही. यकृताचे काम करत माणसाला वर्षानुवर्षे जगवणारे यंत्रच नाही. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ ला डेन्व्हरमध्ये पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचा होता, टेबलावरच गेला. यश यायला १९६७ उजाडले. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध आले, रुग्ण जगू लागले, आणि लगेच रांग लागली.

रांगेसोबत दारूचा वाद आला. १९८८ मध्ये स्टार्झल यांच्याच गटाने दाखवले, की दारूमुळे यकृत गेलेल्यांमध्येही प्रत्यारोपणाचे निकाल इतरांच्या तोडीचे येतात. तरी १९९१ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख समोरासमोर छापले गेले. एकाचे म्हणणे, व्यसनींना रांगेत मागे ठेवा. दुसऱ्याचे म्हणणे, डॉक्टरने नीतीचा न्यायाधीश होऊ नये. अनेक रुग्णालयांनी मधला मार्ग काढला: सहा महिने दारू सोडून दाखवा. काहींना तेवढे आयुष्यच नव्हते. २०११ मध्ये फ्रेंच संशोधकांनी अशा २६ निवडक रुग्णांवर थांबून न राहता प्रत्यारोपण केले. सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते, प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत २३ टक्के. पुन्हा प्यायले ते तीन.

दारूविरुद्ध मी वस्तीत दहा वर्षे बोलते आहे, पुढेही बोलेन. पण गटारात उतरणारा सफाई कामगार त्या वासात उभे राहता यावे म्हणून पितो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? त्याला त्या गटारात कोणी उतरवले? प्रतिज्ञा आपण स्वतःसाठी घेतली. दुसऱ्याला मरणाची शिक्षा सुनवायला नाही.

मग निवडायचे कसे? अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००२ पासून 'मेल्ड' नावाचा गुणांक लागू झाला. रक्तातील बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ, एवढ्यावरून मरणाचा धोका काढायचा आणि ज्याचा धोका जास्त त्याला आधी. नाव नाही, पगार नाही, चर्च नाही. मला हे पाऊल मोठे वाटते. पण आकडाही धुतल्या तांदळाचा नसतो. बायकांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून गुण कमी. त्या यादीत मागे राहिल्या. ही चूक दुरुस्त करून स्त्रियांना वाढीव गुण द्यायला २०२३ उजाडले. मूत्रपिंडाच्या सूत्रात तर काळ्या रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचा आजार कमी दिसे आणि यादीत नाव उशिरा लागे. तो गुणकही २०२२ मध्ये बंद करावा लागला.

आता आपल्याकडे या. अवयव विकण्यावर बंदी घालणारा आणि मेंदूमृत्यू मानणारा कायदा १९९४ चा, महाराष्ट्रात लागू फेब्रुवारी १९९५ पासून. यादी असते, नियम असतात. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत यकृताची वाट पाहतच गेले. सत्तेलाही यकृत हुकमी मिळत नाही. पण विलासराव रांगेत तरी होते. आपला प्रश्न रांगेच्या आधीचा आहे.

१९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर. पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. यकृताची यादी आज तशीच खुली आहे. नाव लागते ते प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत. ती रुग्णालये बहुतांश खाजगी, आणि खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात. ज्याच्याकडे तो नाही, त्याला कोणी नाकारत नाही. त्याचे नावच कुठे नसते. आणि मेंदूमृत दात्यांत अपघातात डोक्याला मार लागलेले कितीतरी असतात: दुचाकीवरचे, मजूर. देताना जात-वर्ग आड येत नाही, घेताना येतो. बायकांचे गणित याहून उघड आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशातल्या अवयव प्रत्यारोपणांत दर पाच रुग्णांमागे साधारण चार पुरुष. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त.

म्हणून त्या तरुणाला माझे सांगणे: फॉर्म भर. यकृत कोणाच्या पोटात जाते याची चौकशी करू नकोस. ते कोणाच्या पोटात कधीच जात नाही, याची कर. आम्ही माहिती अधिकारात अर्ज तयार केला आहे. आपल्या विभागातील सरकारी रुग्णालयांत गेल्या पाच वर्षांत किती यकृते दान झाली, त्यांपैकी किती सरकारी रुग्णालयात बसवली आणि किती मोफत, एवढे तीनच प्रश्न. सही करायला रविवारी वंदनेनंतर थांबा.