मुळीपासून गोळीपर्यंत: सर्पगंधेची कुळकथा

आज कुणाला वाढलेला रक्तदाब निघाला की संध्याकाळच्या आत गोळी सुरू होते. १९४५ साली पाश्चात्त्य वैद्यकात अशी भरवशाची सोय नव्हती. त्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब चढत चालल्याचं डॉक्टरांना दिसत होतं, पण मीठ कमी करा, विश्रांती घ्या, यापलीकडे सांगण्यासारखं त्यांच्यापाशी फार काही नव्हतं. रक्तदाबावर रोज तोंडाने घेता येईल अशा सुरुवातीच्या भरवशाच्या औषधांपैकी एक आलं ते भारतातल्या एका झुडपाच्या मुळीतून, आणि त्याला जगाच्या वैद्यकापुढे उभं केलं परळच्या केईएम रुग्णालयातल्या एका डॉक्टरने.

झुडूप दिसायला अगदी साधं. उंची गुडघ्या-मांडीएवढी, एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पानांचं वर्तुळ, पांढरी फुलं आणि त्यांचे लालसर देठ, पिकल्यावर जांभळट काळी होणारी वाटाण्याएवढी फळं. सह्याद्रीच्या ओलसर रानात, सावलीत ते वाढतं. सदाफुली, कण्हेर, कुडा, सातवीण यांच्याच कुळातलं. मोलाचा भाग जमिनीखाली असतो: वाकडीतिकडी, करड्या सालीची, चाखली तर जीभ आक्रसेल इतकी कडू मुळी. औषधी द्रव्यं मुख्यतः त्या सालीतच साठलेली असतात.

सर्पगंधा हे नाव जुन्या संहितांत येतं. मात्र तिथली सर्पगंधा म्हणजे हेच झुडूप का, यावर वैद्यांमध्ये वाद आहे. लोकव्यवहारात ही मुळी विंचू-सापाच्या विषावर देत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया दा ओर्ताच्या ग्रंथात सापावरच्या मुळ्यांचं आणि सापाशी झुंजणाऱ्या मुंगसाचं वर्णन आहे. त्यातली एक मुळी हीच असावी असं मानलं जातं. सापाचं विष या मुळीने उतरत नाही, हे इथेच सांगून टाकतो. साप चावला तर रुग्णालय गाठायचं आणि प्रतिविषाचं इंजेक्शन घ्यायचं, दुसरा उपाय नाही. मुळीचा खरा गुण लोकांनी वेगळ्याच ठिकाणी ओळखला होता. बिहारात तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत आणि भ्रमिष्ट, अनावर झालेल्या माणसाला शांत करायला देत. शास्त्रीय नाव मात्र तिला ‘राउवोल्फिया’ असं मिळालं, सोळाव्या शतकातल्या लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून. तो बगदादपर्यंत आला होता. भारत त्याने पाहिलाच नाही.

१९३१ हे या कथेतलं मोठं वर्ष. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळे केले. त्यातल्या एकाला त्यांनी ‘अजमलिन’ नाव दिलं, ज्यांच्या प्रेरणेने हे संशोधन उभं राहिलं त्या हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ. त्याच वर्षी कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रुग्णांवरचा अनुभव छापला: मुळीच्या चूर्णाने वेडाचा जोर ओसरतो आणि रक्तदाबही उतरतो. पुढे तिथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून या गुणांचा पाठपुरावा केला. म्हणजे मुख्य गोष्टी तेव्हाच छापून आल्या होत्या. पण त्या भारतीय नियतकालिकांत होत्या, आणि युरोप-अमेरिकेत ती फारसं कुणी उघडत नसे. सिद्दीकींना सापडलेली द्रव्यंही महत्त्वाची होती, पण रक्तदाब उतरवणारं मुख्य द्रव्य त्यांत नव्हतं. ते आणखी वीस वर्षं मुळीतच दडून राहिलं.

मधल्या काळात भारतातले डॉक्टर मुळीच्या गोळ्या लिहून देत होते. त्यांपैकी एक डॉ. रुस्तम जाल वकील. १९११ साली जन्मलेले मुंबईचे पारशी, शिक्षण लंडनला, पुढे केईएममध्ये हृदयरोगाचे रुग्ण पाहत. दहा वर्षं औषध वापरल्यावर त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. त्यांनी वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना चार आठवडे सर्पगंधा दिली, आणि प्रत्येकाचा वरचा-खालचा आकडा मोजून मांडला. ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्क्यांचा खालचा दाब उतरला होता. औषध थांबवल्यावरही परिणाम लगेच ओसरत नव्हता, हेही त्यांनी नोंदवलं. हा लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा दुसरा गट त्यात नव्हता, आजच्या कसोटीवर ती उणीवच. पण रक्तदाबाच्या तज्ज्ञांना आकडे दिसले, आणि ते त्यांच्या रोजच्या वाचनातल्या नियतकालिकात दिसले.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांना दिल्या. रक्तदाब उतरलाच, शिवाय रुग्ण निवांत झाले. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी मुळीतलं ते दडलेलं द्रव्य शुद्ध स्वरूपात काढलं: रेसर्पिन. मुळीच्या चूर्णाची मात्रा ग्रॅममध्ये होती. रेसर्पिनचा मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा पुरे होऊ लागला. १९५६ साली हार्वर्डच्या वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. आपल्याकडे त्याचं ओळखीचं रूप म्हणजे अॅडेल्फेन. आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात पुष्कळांनी ही गोळी पाहिली असेल.

मनोविकारांची बाजूही याच सुमारास उघडली. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांच्या कामाची बातमी वाचून न्यू यॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातल्या शेकडो रुग्णांवर हे औषध वापरलं. बिहारातल्या ‘पागल की दवा’ला असा दुजोरा मिळाला. १९५७ सालच्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत क्लाइन आणि विल्किन्स यांच्यासोबत वकीलही होते. पुढच्या वर्षी भारताने वकिलांना पद्मभूषण दिलं.

पण रेसर्पिनने औषधापेक्षाही मोठं काम केलं ते प्रयोगाचं साधन म्हणून. आपल्या मज्जापेशी नॉरअॅड्रिनलिन, सेरोटोनिन, डोपामिन ही निरोप्या द्रव्यं सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरण्याचं दारच बंद करतं. साठा रिकामा होतो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे गोळा होऊन पडून राहिले, कान लोंबले, हालचाल थांबली. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून फिरू लागले. १९५७ साली हे प्रसिद्ध झालं. मेंदूत डोपामिन स्वतः काम करतं, त्याच्या अभावाने शरीर जखडतं, आणि ते भरून काढता येतं, हे इथून उमगत गेलं. कंपवाताच्या रुग्णांना आज जे एल-डोपा देतात त्याची वाट या सशांपासून निघते. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

‘सगळं आपल्या ग्रंथांत होतंच’ हे वाक्य या कथेला पुरत नाही आणि ‘औषध पाश्चात्त्यांनी शोधलं’ हेही नाही. गुण लोकांनी ओळखला, द्रव्यं रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी केली, पण मुळीचं जगाला मान्य औषध झालं ते कुणीतरी चिकाटीने मोजमाप केल्यावर. ते कुणीतरी मुंबईत होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. केईएमबाहेर वकिलांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं वाईटही वाटतं.

रेसर्पिनचा उतार त्याच्या गुणातूनच आला. निरोप्या द्रव्यांचा साठा आटला की मनही खचतं. मोठ्या मात्रेत काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातच झाल्या. नवी औषधं आली आणि हे मागे पडलं. पण तोवर मुळीला जगभरातून मागणी आली होती, आणि मुळी काढायची म्हणजे झुडूप उपटायचं. रानंच्या रानं रिकामी झाली. १९९० पासून या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या निर्बंधाखाली आहे.

सर्पगंधेचं चूर्ण आणि गोळ्या आयुर्वेदिक औषधांत आजही मिळतात. झाडपाल्याचं आहे, अपाय कसला, असं समजून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांत तेच रेसर्पिन आहे. आधीच रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा कधी नैराश्याचा त्रास झाला असेल, तर आपण काय घेतो ते वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगा.