आयपीव्ही६ पत्त्यांना अग्रक्रम

एखाद्या नावासाठी आंतरजाल प्रोटोकॉलच्या चौथ्या व सहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते उपलब्ध असताना सहाव्या आवृत्तीचा पत्ता आधी वापरावा, अशी सर्व्हरवर केलेली मांडणी म्हणजे आयपीव्ही६ पत्त्यांना अग्रक्रम देणे होय. ही केवळ क्रमाची निवड आहे. जेथे आयपीव्ही६चा मार्गच पोहोचलेला नाही, तेथे तो या मांडणीने निर्माण होत नाही.

पार्श्वभूमी

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. आयपीव्ही६ पत्ता १२८ बिटांचा असतो. जागतिक साठ्यातील आयपीव्ही४चे शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. भारताच्या दूरसंचार विभागाने आयपीव्ही६चा पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये काढला होता. मात्र सामान्य ग्राहकापर्यंत ही आवृत्ती मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती २०१६ साली जिओची सेवा सुरू झाल्यानंतर. परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या गावी मोबाइलवर परीक्षेचा निकाल पाहणाऱ्या विद्यार्थ्याची विनंती चौथ्या आवृत्तीतून गेली, तर ती बहुधा अनेक ग्राहकांत वाटून दिलेल्या एकाच पत्त्यावरून सर्व्हरपाशी येते. विनंत्या फार झाल्या म्हणून सर्व्हरने तो पत्ता रोखला, की इतर निर्दोष ग्राहकही बाहेर राहतात.

निवड कोण करतो

याविषयी गैरसमज पुष्कळ आहे. सर्व्हरकडे येणाऱ्या जोडणीसाठी पत्त्याची निवड ग्राहकाचे उपकरण करते, सर्व्हर नव्हे. सर्व्हरचालकाने त्यासाठी नाव-प्रणालीत एएएए नोंद करणे आणि सहाव्या आवृत्तीवर जोडणी स्वीकारणे पुरेसे असते. सर्व्हरचा स्वतःचा अग्रक्रम लागू होतो तो टपाल पाठवताना, अद्ययावत आज्ञावली उतरवताना किंवा दुसऱ्या सर्व्हरशी संपर्क साधताना. तेव्हा तो स्वतःच ग्राहक असतो.

मांडणी

सप्टेंबर २०१२ च्या आरएफसी ६७२४ या मानकातील मूळ तक्त्यात सामान्य आयपीव्ही६ पत्त्यांना ४० आणि आयपीव्ही४ पत्त्यांना ३५ असा क्रमांक आहे. मोठा क्रमांक आधी, म्हणून सहाव्या आवृत्तीचा अग्रक्रम बहुधा आधीपासूनच असतो. लिनक्समध्ये हा क्रम जीएआय.कॉन्फ या धारिकेतून बदलता येतो. मात्र तेथे अग्रक्रमाची एक जरी ओळ लिहिली, तरी अग्रक्रमाचा संपूर्ण मूळ तक्ता रद्द होतो. म्हणून सर्व ओळी पुन्हा लिहाव्या लागतात. काही आज्ञावलींची रीत निराळी आहे. जावाच्या मूळ मांडणीत आयपीव्ही४ पत्ते आधी येतात. पोस्टफिक्स हा टपाल सर्व्हर मूळ मांडणीत दोहोंना समान मानतो.

धोके

आयपीव्ही६चा पत्ता आहे पण मार्ग तुटलेला आहे, ही स्थिती सर्वांत त्रासदायक. न्याहाळक अशा वेळी थोड्याच अवधीत दुसरी आवृत्तीही आजमावतात. आरएफसी ८३०५ मध्ये दोन प्रयत्नांतील अंतर २५० मिलिसेकंद सुचवले आहे. सर्व्हरवरील अनेक आज्ञावलींत ही सोय नसते. लिनक्सच्या मूळ मांडणीत असा एक निष्फळ प्रयत्न दोन मिनिटांहून थोडा अधिक काळ रेंगाळू शकतो. त्यामुळे अग्रक्रम देण्यापूर्वी सर्व्हरवरून बाहेर जाणारी आयपीव्ही६ जोडणी प्रत्यक्ष तपासतात. टपाल सर्व्हरच्या बाबतीत उलट नाव-नोंदही पाहावी लागते, कारण जीमेल ती नसलेल्या आयपीव्ही६ पत्त्यावरून आलेले टपाल नाकारू शकते. अग्निभिंतीचे नियम चौथ्या आवृत्तीपुरतेच लिहिलेले असतील, तर सहाव्या आवृत्तीची वाट उघडी राहते.