संग्रहातील क्लॅरिओनेट कोणी घडविले?

आमच्या मंडळाच्या नाट्यशाखेच्या जुन्या सामानात एक क्लॅरिओनेट आहे. सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनात त्यास ‘तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या बँडमधील वाद्य’ अशी पाटी लावावी, अशी सूचना आली. तमिळ देशी नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस ती सुखावणारी खरी. सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) आपल्या दरबारी पाश्चात्त्य धर्तीचा बँड बाळगला होता, हाही इतिहास आहे. तथापि खुद्द वाद्यच या पाटीविरुद्ध साक्ष देते.

पहिली साक्ष खालच्या सांध्यावरील दोन कड्यांची. भोकावर बोट टेकले की भोवतीचे कडे दबते आणि दूरची झडप हलते. न्यूरेंबर्गच्या डेनरने १७०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या वाद्यास अवघ्या दोन चाव्या होत्या. कड्यांचे क्लॅरिओनेट क्लोझे व ब्यूफे यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले ते १८३९ साली, आणि कडी रूढ झाली ती त्यानंतर. महाराज तर १८३२ मध्येच निवर्तले होते.

वाद्यावर ‘बूझी अँड कंपनी, लंडन’ असा ठसा आहे. ठशावरचे नाव म्हणजे कारागीर, असे मात्र नेहमी समजू नये. बोहेमियातील ग्रास्लिट्झ किंवा नॉर्मंडीतील ला कूत्यूर येथील कारखान्यांचा माल घेऊन त्यावर आपले नाव उमटविणारे व्यापारी पुष्कळ होते. बूझींचा स्वतःचा कारखाना होता, म्हणून येथे ठशावर विश्वास ठेवण्यास आधार आहे. १९३० मध्ये ही पेढी हॉक्स यांच्या पेढीत मिळून ‘बूझी अँड हॉक्स’ झाली. तेव्हा आपले वाद्य बहुधा त्याआधीचे. लाकूड काळे, आफ्रिकी, आपल्या शिसवाच्याच कुळातले.

सर्वांत बोलकी आहेत ती ठशाखालची ‘एच. पी.’ ही दोन अक्षरे. त्यांचा अर्थ ‘हाय पिच’, म्हणजे चढा सूर. इंग्लंडात पूर्वी मूळ ‘ए’ स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा धरीत. आज तो ४४० चा आहे. १८९५ च्या सुमारास लंडनच्या मैफिलींनी सूर उतरविला, पण लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत जुन्याच सुरात वाजत राहिले. दोन सूर शेजारी नांदत असतानाच असा शिक्का मारण्याची खरी गरज. म्हणून हे वाद्य १८९५ ते १९३० या काळातले आणि बहुधा पलटणीच्या बँडसाठी घडलेले, असे आम्हांस वाटते.

‘हे बेसूर आहे, पेटीशी जमत नाही’ अशी तक्रार करून आमच्या वादकांनी ते बाजूस ठेवले होते. बिचारे बेसूर नव्हते! ते आपल्या सुरात चोख होते. आपली पेटी निराळ्या सुराची. मुखाकडचा भाग थोडा बाहेर ओढून सूर उतरतो, पण सगळे स्वर सारखे उतरत नाहीत.

तंजावरशी या वाद्यजातीचे नाते मात्र खोटे नाही. १८६० च्या सुमारास महादेव नट्टुवनार यांनी नृत्याच्या साथीस क्लॅरिओनेट आणले असे मानतात, आणि पुढे ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीत गाजविले.

बूझींच्या कारखान्याच्या नोंदवह्या आता लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. वाद्यावरील अनुक्रमांक तेथे कळविला आहे. पाटीवर तूर्त ‘बूझी अँड कंपनी, लंडन, अंदाजे १८९५–१९३०, चढ्या सुराचे’ एवढेच लिहावे, असे आम्ही कार्यकारिणीस सुचविले आहे.