वेम्ब्लीचा पाव गुण

हरलेल्या वीरास लोकांनीं डोक्यावर घ्यावें आणि जिंकलेल्यास दूर लोटावें, असें इंग्लंडच्या मुष्टियुद्धांत एकदां घडलें. १६ मार्च १९७१ रोजीं वेम्ब्ली येथें हेन्री कूपर व ज्यो बग्नर ह्या हेवीवेट मल्लांची १५ फेऱ्यांची लढत झाली. तेथील प्रघाताप्रमाणें गुण देणारा पंच एकच. त्या हॅरी गिब्ज ह्यांनीं बग्नरचा हात उंचावला. अंतर अवघ्या पाव गुणाचें! ब्रिटन, राष्ट्रकुल व यूरोप ह्या तिन्ही ठिकाणचें अजिंक्यपद २१ वर्षांच्या बग्नरकडे गेलें, आणि ३६ वर्षांचा कूपर निवृत्त झाला.

लोक संतापले. १९६३ सालीं कूपरच्या डाव्या ठोशानें कॅशिअस क्ले, म्हणजे पुढचा महंमद अली, खालीं पडला होता. ती लढत कूपर डोळ्यावरील जखमेनें हरला खरा; पण तेव्हांपासून तो घरचा माणूस झाला. बग्नर हंगेरींत जन्मलेला, १९५६ च्या उठावानंतर आश्रयास आलेला. त्याच्या सावधपणास लोक भित्रेपणा म्हणूं लागले, आणि हा अन्यायच होता.

जुलै १९७३ मध्यें लंडनलाच फ्रेझरनें त्यास दहाव्या फेरींत पाडलें. बग्नर उठला आणि उलट फ्रेझरलाच त्यानें हादरविलें. लढत हरला, पण त्या रात्रीं त्यास प्रथमच मनापासून दाद मिळाली. अलीपुढेंही तो दोनदां शेवटच्या फेरीपर्यंत टिकला. १९७५ सालच्या दुसऱ्या लढतीनंतर मात्र पुन्हां तीच हेटाळणी. कूपरला २००० सालीं 'सर' हा किताब मिळाला. बग्नर तोंपर्यंत ऑस्ट्रेलियांत स्थायिक झाला होता. तेथें त्यास कौतुकानें 'ऑसी ज्यो' म्हणत.